नाडी वैद्याच्या हाती, माहिती कुणाच्या हाती?

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, तेव्हा भामरागडचा हा वनप्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा सुरू केली, परंतु दवाखाना उघडला म्हणून रुग्ण लगेच आले नाहीत. बाहेरून आलेल्या माणसांविषयी तेथील माडिया समाजाच्या मनात भीती होती. डॉक्टरांनी माडिया भाषा शिकून घेतली, काही रुग्ण बरे होऊन घरी परतले, त्यांनी इतरांना सांगितले; असा विश्वास हळूहळू रुजला, तेव्हा कुठे आजारी माणूस आपले दुखणे डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोलू लागला. आपल्या शरीराविषयीची माहिती परक्याला सांगणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

आज तेवढीच, किंबहुना अधिक माहिती आपण मोबाइलमधील एखाद्या अ‍ॅपला अर्ध्या मिनिटात देऊन टाकतो. नाव, वय, रक्तातील साखर, चालू असलेली औषधे, घराचा पत्ता, मुलाचा दूरध्वनी क्रमांक, हे सारे भरून झाले की ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवायचे आणि पुढे जायचे. ते अ‍ॅप कोणी बनवले, माहिती कोठे साठवली जाते, आणखी कोणाला दिली जाते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. घरात आलेल्या नव्या परिचारिकेची आपण चौकशी करतो. फोनमध्ये आलेल्या अ‍ॅपची मात्र करीत नाही.

अ‍ॅप्स उपयोगाची आहेत, यात शंका नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे बंद पडत आला आहे. अशा दुर्गम भागात, फोनचे जाळे चालू असेल तर, केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळणे ही मोठी सोय आहे. शहरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनाही औषध घरपोच मागवता येणे, तपासणीचा अहवाल फोनवर पाहता येणे यांचा आधार वाटतो. म्हणून अ‍ॅपकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. अ‍ॅपला कोणती माहिती द्यायची, किती द्यायची आणि कोणाच्या संमतीने द्यायची, एवढे ठरवता आले की पुष्कळसे काम होते. ते कसे ठरवावे, हे या लेखात पाहू.

आरोग्याची माहिती निराळी का?

बँकेचे कार्ड हरवले तर नवे मिळते. पासवर्ड कोणाला कळला तर तो बदलता येतो. आजाराचे निदान मात्र बदलता येत नाही. क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही, मूत्रावरील ताबा जाणे, स्मृतिभ्रंश यांविषयीची माहिती एकदा बाहेर पडली की ती परत घेता येत नाही. आणि तिचे परिणाम रुग्णाबरोबरच घरातील इतरांनाही भोगावे लागतात.

अशी माहिती माणसे किती खोल दडवून ठेवतात याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यातच मिळाला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत येथील दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. इतकी दुखणी मुकाट्याने सोसली जात होती. ती बोलली गेली, ती तपासणाऱ्यांवर विश्वास बसल्यानंतर.

डॉक्टरांवर या विश्वासाचे बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाविषयी कळलेल्या गोष्टी, काही कायदेशीर अपवाद वगळता, डॉक्टरांनी गुप्त ठेवावयाच्या असतात. आपण पाळीच्या, साखरेच्या, झोपेच्या नोंदी ज्या अ‍ॅपमध्ये करतो ते बनवणारी कंपनी मात्र डॉक्टर नसते. तिला ही माहिती विकण्याजोगी वस्तू वाटू शकते. अमेरिकेत औषधांवर सवलत मिळवून देणारे ‘गुडआरएक्स’ नावाचे अ‍ॅप आहे. वापरणाऱ्यांची औषधे व आजार यांविषयीची माहिती या कंपनीने फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवली, असा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवला. १५ लाख डॉलर दंड भरण्यास मान्यता देऊन कंपनीने ते प्रकरण मिटवले. तेथे कोणीही फोन ‘हॅक’ केला नव्हता. माणसांनी स्वहस्ते भरलेली माहितीच पुढे गेली होती.

आपल्याकडे याचा त्रास निराळ्या रूपानेही होतो. आपल्याला मधुमेह आहे हे ज्याला कळले, तो ‘साखर कायमची घालवणारे’ औषध विकण्यासाठी नेमका आपल्यालाच फोन करतो. आपण कोणत्या रुग्णालयात जातो, शस्त्रक्रिया केव्हा झाली, हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘विम्याचा परतावा अडकला आहे’ असे सांगतो आणि आपल्याला ते खरे वाटते. फसवणाऱ्याच्या हाती आपल्याविषयी जितकी खरी माहिती, तितकी त्याची थाप पटण्याजोगी.

अ‍ॅपला काय लागते, आणि ते काय मागते?

प्रत्येक अ‍ॅप फोनमधील काही गोष्टी वापरण्याची परवानगी मागते: कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन, संपर्कयादी, छायाचित्रे, संदेश. परवानगी मागणे हा काही गुन्हा नव्हे. जे काम करायचे आहे त्यासाठी ती गोष्ट खरोखर लागते का, एवढेच पाहावयाचे. काही उदाहरणे घेऊ.

रक्तदाब व साखरेच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपला आपण आकडे हाताने भरणार असू, तर संपर्कयादी, लोकेशन, संदेश यांपैकी काहीही लागत नाही.

पावले मोजणाऱ्या अ‍ॅपला शारीरिक हालचालीची परवानगी लागते. छायाचित्रे लागत नाहीत.

डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे असेल तर कॅमेरा व मायक्रोफोन लागतो, तोही बोलणे चालू असेपर्यंतच.

औषध घरी मागवताना पत्ता लागतो. तो टंकून देता येतो. त्यासाठी चोवीस तास लोकेशन चालू ठेवण्याची गरज नाही.

विजेरी, पंचांग, आरत्या, भजने यांच्या अ‍ॅपला संपर्कयादी कशासाठी हवी? असा प्रश्न मनात आला, तर त्या अ‍ॅपशिवाय चालवून घ्यावे.

अँड्रॉइड फोन परवानगी विचारतो तेव्हा कॅमेरा, मायक्रोफोन व लोकेशन यांच्या बाबतीत ‘अ‍ॅप वापरताना’ आणि ‘फक्त या वेळी’ असे पर्याय देतो. शंका असेल तेव्हा ‘फक्त या वेळी’ निवडावे. परवानगी नाकारली म्हणून फोन बिघडत नाही. फार तर ते अ‍ॅप पुन्हा विचारील. पूर्वी दिलेल्या परवानग्याही काढून घेता येतात. सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅप्सची यादी उघडावी, एकेका अ‍ॅपवर बोट ठेवून परवानग्या पाहाव्यात आणि नको ती बंद करावी.

दोन परवानग्यांच्या बाबतीत विशेष सावध असावे. पहिली, संदेश वाचण्याची. बँकेचा ओटीपी संदेशातूनच येतो. जे अ‍ॅप आपले संदेश वाचू शकते ते ओटीपीही वाचू शकते. दुसरी, अ‍ॅक्सेसिबिलिटीची. दृष्टी मंदावलेल्या वा हात थरथरणाऱ्या व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून ही सोय केलेली आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला पडद्यावरील मजकूर वाचता येतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. ज्येष्ठांच्या सोयीसाठी असलेला हा मार्ग फसवणारी अ‍ॅप्स आत शिरण्यासाठी वापरतात. पडदा वाचून दाखवणारे आपले नेहमीचे, खात्रीचे अ‍ॅप सोडून दुसऱ्या कोणाला ही परवानगी देऊ नये.

अ‍ॅप आले कोठून?

अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधून, आयफोनवर अ‍ॅप स्टोअरमधून. तेथेही नावासारखे नाव व चिन्हासारखे चिन्ह असलेली अ‍ॅप्स असू शकतात. म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्या संस्थेचे नाव वाचावे. प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप कोणती माहिती गोळा करते व कोणाला देते, हे सांगणारा ‘डेटा सुरक्षितता’ हा भाग असतो. तो अ‍ॅप बनवणाऱ्यांनी स्वतःच भरलेला असतो, हे लक्षात ठेवून वाचावा. सरकारी सेवेचे अ‍ॅप हवे असेल तर त्या विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तेथवर जाणे अधिक सुरक्षित.

खरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवर वा साध्या संदेशातून आलेल्या फाइलचा आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतील तर ते पत्र वा छायाचित्र नाही. ते अ‍ॅप आहे, आणि ते प्ले स्टोअरला वळसा घालून आपल्या फोनमध्ये येऊ पाहत आहे. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतुकीच्या दंडाचे चलन, थकलेले वीजबिल, पीएम-किसानचा हप्ता अशा नावांनी या फाइली देशभर फिरल्या आहेत. बहुधा त्या ओळखीच्याच क्रमांकावरून येतात, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच फसवणाऱ्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली, ‘अज्ञात अ‍ॅप’ बसवण्यास होकार दिला, संदेश वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी गुपचूप दुसऱ्याच्या फोनवर पोचू लागतात. पुष्कळदा अशा अ‍ॅपचे चिन्ह पडद्यावर दिसतही नाही.

यावर एकच नियम पुरेसा आहे. ओळखीच्या माणसाकडून अशी फाइल आली तर त्याला फोन करून विचारावे, ‘तुम्ही काही पाठवलेत का?’ लग्नाचे निमंत्रण खरे असेल तर तो आनंदाने बोलेल.

पडदा दुसऱ्याला दाखवणाऱ्या अ‍ॅप्सचेही तसेच. ‘मी बँकेतून बोलतो, हे अ‍ॅप घ्या म्हणजे तुमची अडचण सोडवतो,’ असे सांगून कोणी पडदा पाहण्याची परवानगी मागत असेल, तर बोलणे तेथेच थांबवावे. बँक अशी परवानगी मागत नाही.

आजारपणात पैशांची निकड असते आणि त्या वेळी ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणारी अ‍ॅप्स समोर येतात. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना फोनमधील फाइली, छायाचित्रे, संपर्कयादी व कॉलच्या नोंदी घेण्यास मनाई केली आहे. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, मायक्रोफोन वा लोकेशन यांची परवानगी एकदाच, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने घेता येते. म्हणून जे कर्ज-अ‍ॅप संपर्कयादी मागते ते नियमाबाहेर वागत आहे, एवढे निश्चित. त्या यादीचा उपयोग पुढे वसुलीसाठी, नातेवाइकांपुढे बदनामी करण्यासाठी होतो.

ज्येष्ठांना वारंवार येणारे तीन प्रसंग

पहिला, हयातीच्या दाखल्याचा. डिजिटल हयात प्रमाणपत्राची ‘जीवन प्रमाण’ सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही प्रमाणपत्र काढता येते. त्यासाठी आधार प्राधिकरणाचे ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप्स लागतात. नोव्हेंबर जवळ आला की ‘तुमचा दाखला फोनवरून करून देतो’ असे सांगणारे फोन येतात आणि निवृत्तिवेतनाचा पीपीओ क्रमांक, जन्मतारीख, खाते क्रमांक, शेवटी ओटीपी मागितला जातो. कोणतेही निवृत्तिवेतन कार्यालय असा फोन करून दाखला काढून देत नाही. स्वतः जमत नसेल तर बँकेत जावे, अथवा टपाल खात्याच्या घरपोच सेवेचा लाभ घ्यावा. खेड्यापाड्यांतून ओळखीचा पोस्टमन हा आजही चांगला मार्ग आहे.

दुसरा, आयुष्मान कार्डाचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. या ‘वय वंदना’ कार्डासाठी शुल्क नाही. नोंदणी आधारच्या साहाय्याने अधिकृत अ‍ॅप वा संकेतस्थळावर होते. योजनेतील रुग्णालयांतही होऊ शकते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. कार्ड करून देण्यासाठी पैसे वा एटीएमचा पिन मागणारा मनुष्य योजनेचा नव्हे.

तिसरा, ‘आभा’ क्रमांकाचा. आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. वेगवेगळ्या रुग्णालयांतील कागद एका ठिकाणी जोडण्यासाठी तो उपयोगी पडतो, आणि नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी आपली संमती घेतली जाते. संमतीचा संदेश आला तर कोण मागत आहे, कोणत्या काळातील नोंदी मागत आहे आणि किती दिवसांसाठी मागत आहे, हे वाचूनच होकार द्यावा.

या तिन्ही ठिकाणी आधार लागते. आधारची प्रत कोणाला द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते. बोटांचे ठसे, डोळे व चेहरा यांची ओळख तात्पुरती बंद करून ठेवण्याचीही सोय आहे. मात्र जे अंगठा लावून बँक मित्राकडून पैसे काढतात त्यांनी ही सोय वापरताना ती उघडावी कशी, हेही शिकून घ्यावे. नाहीतर ऐन गरजेच्या वेळी अडचण होईल. आधारविषयी शंकांसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

एक फोन, सारे घर

माहितीच्या सुरक्षिततेविषयी लिहिले जाते ते बहुधा ‘एक माणूस, एक फोन’ असे धरून. आपल्या घरांत तसे नसते. आजोबांच्या नावावरील सिमकार्ड नातवाच्या फोनमध्ये असते. आजींच्या औषधांचे अ‍ॅप सुनेच्या फोनमध्ये असते. खेळ खेळता खेळता मूल त्याच फोनवर आणखी दोन अ‍ॅप्स बसवते. ज्या गावांत सगळ्या घरात मिळून एकच चांगला फोन असतो तेथे तर बँकेचा ओटीपी, रुग्णालयाचा संदेश आणि मुलांचा अभ्यास हे सारे एका पडद्यावर येते. म्हणून खालील गोष्टी घराने मिळून ठरवाव्यात.

ज्या फोनमध्ये बँकेचे संदेश येतात तो मुलांच्या खेळासाठी देऊ नये. देणे भाग असेल तर बँकेच्या व औषधांच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप असावे. फोनच्या पडद्याला पिन असावा, आणि कुलूप लावलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये, अशी सोय सेटिंग्जमध्ये करावी.

सेवा केंद्रात वा ओळखीच्या तरुणाकडून अर्ज भरून घ्यायचा असेल तर काम संपेपर्यंत तेथेच थांबावे. त्याच्या फोनवर काढलेली आधारची व पासबुकाची छायाचित्रे आपल्या समोर पुसून टाकावयास सांगावे. कागदाच्या छायाप्रतीवर ‘फक्त अमुक योजनेसाठी’ असे लिहून तारीख घालावी. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या अ‍ॅपवरून भरले गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांचे अर्ज दुसऱ्यांच्याच फोनवरून गेले. असे करण्यात वावगे काही नाही. मदत घ्यावीच लागते. मदत घेऊन झाल्यावर आपले कागद मागे राहू देऊ नयेत, इतकेच.

काळजीवाहूंनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. आईच्या मूत्रतपासणीचा अहवाल नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकताना तिला विचारले होते का? वडिलांना विसर पडू लागला आहे, हे त्यांच्या मित्रांना कळावे अशी त्यांची इच्छा आहे का? आपण प्रेमाने सारे करतो, घाईने करतो, आणि ज्यांची माहिती आहे त्यांनाच विचारायचे राहून जाते. अहवाल ज्या एक-दोन जणांना उपचाराच्या निर्णयासाठी हवा त्यांनाच पाठवावा. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी, वडील नीट बोलू शकत असतानाच, ‘तुमच्या फोनचे व्यवहार पुढे कोणी पाहावेत?’ असे मोकळेपणाने विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. वय झाले म्हणून स्वतःच्या गोष्टी स्वतःपाशी ठेवण्याचा हक्क संपत नाही.

कायद्याने काय दिले आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्या. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. या कायद्यातील चार गोष्टी ज्येष्ठांनी व काळजीवाहूंनी जाणून घ्याव्यात.

एक, संमती मागणाऱ्याने कोणती माहिती व कशासाठी हवी हे सांगितले पाहिजे. दोन, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. तीन, आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व कारण संपल्यावर पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. चार, आपल्या मृत्यूनंतर वा आपण असमर्थ झाल्यास हे हक्क बजावण्यासाठी एखाद्या व्यक्तीचे नाव सुचवता येते. बँकेत वारस लावतो तशीच ही सोय आहे, आणि उतारवयात तिचे महत्त्व मोठे आहे.

संमतीची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही या कायद्याने दिला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा मराठीत सूचना मागणे हा आपला हक्क ठरतो. माडिया आणि गोंडी या भाषा मात्र त्या अनुसूचीत नाहीत. हेमलकसा परिसरातील ज्या वृद्ध स्त्रीला केवळ माडिया समजते तिच्यापुरती ही सूचना कोणत्या भाषेत आली तरी परकीच राहते. तिच्या फोनवर ‘मला मान्य आहे’ असे दाबणारे बोट दुसऱ्या कोणाचे तरी असते. म्हणून आशा कार्यकर्ती, आश्रमशाळेत शिकलेली नात, परिचारिका, जो कोणी तिच्यासाठी फोन हाती घेईल, त्याने बटण दाबण्यापूर्वी तिच्या भाषेत दोन वाक्ये सांगावीत: हे अ‍ॅप तुझ्याविषयी अमुक माहिती घेणार आहे, अमुक कामासाठी घेणार आहे, देऊ का? आणि तिने नको म्हटले तर थांबावे. आपल्या घरातील ज्यांना लहान अक्षरे दिसत नाहीत वा इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठीही हेच करावयाचे आहे.

चूक झालीच तर

पहिली गोष्ट, रागावू नये. लाज वाटल्यामुळे वा रागावण्याच्या भीतीने ज्येष्ठ मंडळी घडलेली गोष्ट सांगत नाहीत आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

संशयास्पद अ‍ॅप बसले असेल तर त्या फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे. विमान मोड लावला तर अधिक बरे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. ती सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी ती अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ व तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

त्यानंतर ते अ‍ॅप काढून टाकावे. ते निघत नसेल तर जाणकाराकडून, आवश्यक छायाचित्रे व क्रमांक जपून, फोन मूळ स्थितीत आणावा. ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित फोनवरूनच बदलावेत. आपल्या क्रमांकावरून इतरांना फाइली गेल्या असण्याचा संभव असतो; तेव्हा नातेवाइकांना व मित्रांना फोन करून ‘माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका’ असे सांगावे. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोन वा संदेश दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर कळवता येतात.

येत्या रविवारी अर्धा तास

घरातील ज्येष्ठ आणि एक तरुण व्यक्ती यांनी शेजारी बसून पुढील गोष्टी कराव्यात. फोन ज्येष्ठांच्या हातात असावा आणि बोटही त्यांचेच असावे.

१. फोनमधील सर्व अ‍ॅप्सची यादी पाहावी. सहा महिन्यांत न वापरलेले अ‍ॅप काढावे. त्यात खाते उघडलेले असेल तर काढण्यापूर्वी खाते बंद करावे. नुसते अ‍ॅप काढल्याने कंपनीकडील माहिती पुसली जात नाही.

२. उरलेल्यांच्या परवानग्या पाहाव्यात. संदेश, संपर्कयादी, लोकेशन व अ‍ॅक्सेसिबिलिटी यांपासून आरंभ करावा.

३. ‘अज्ञात अ‍ॅप्स’ बसवण्याची मुभा व्हॉट्सअ‍ॅप व ब्राउझर यांना दिलेली असेल तर ती बंद करावी.

४. पडद्याला पिन लावावा. तो जन्मवर्षाचा नसावा.

५. बँकेचा अधिकृत क्रमांक, १९३०, १४५५५ आणि १९४७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावावेत.

६. आजार, औषधे व अ‍ॅलर्जी यांची नोंद एका वहीत हाताने लिहून ठेवावी. फोन बंद पडला, वीज गेली, रेंज नसली, तरी ही वही डॉक्टरांपुढे ठेवता येते, आणि ती कोणाला दाखवायची हे सर्वस्वी आपल्या हाती राहते.

हे काम वर्षातून दोनदा करावे. दिवाळीपूर्वी घर आवरतो तेव्हा एकदा आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, असे ठरवून घेतले तर विसर पडत नाही. पहिल्या खेपेस वेळ लागेल. दुसऱ्या खेपेस आजोबाच नातवाला विचारतील, ‘या अ‍ॅपला माझी संपर्कयादी कशाला हवी?’ तो प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला, की मग त्यांच्या हाती फोन निर्धास्तपणे द्यावा.